वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी गाडी पुन्हा चालू करताना

कव्हरखाली पाच-दहा वर्षं काढलेल्या गाडीवरचं कापड निघालं, की पहिला हात किल्लीकडे जातो. नुकसान तिथेच होतं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजून धरलेल्या असतात, ऑइल सगळं खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरलेलं असतं आणि टाकीत पेट्रोलच्या नावाखाली चिकट वार्निश उरलेलं असतं. अशा इंजिनाला सेल्फ मारला की रिंग तुटते, नाहीतर बेअरिंग कोरडं घासतं. आणि इंजिन नशिबाने चालू झालंच, तर ब्रेक नसलेली चालू गाडी हातात येते. ती बंद गाडीपेक्षा वाईट. म्हणून आधी ब्रेक, मग इंजिन.

पुढचं सगळं चार सिलिंडर, कार्बोरेटर, पॉइंटवालं डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग; पॉइंट म्हणजे त्यातले उघडझाप करणारे संपर्क) आणि ड्रम ब्रेक असलेली गाडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. आकड्यांत फरक दिसला तर त्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा खरा.

गाडी उचलण्याआधी

जमीन सपाट आणि टणक हवी. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांच्या पुढे-मागे लाकडी गुटके ठोका. मागचे ड्रम उघडताना हँडब्रेक सोडावाच लागतो, त्याच्या भरवशावर राहता येत नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, वजन पेलायला अ‍ॅक्सल स्टँडच हवा. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक रचू नका, ते आधी तडा न दाखवता फुटतात. जुन्या गाडीत आणखी एक फसवणूक असते: दाराखालची पट्टी आणि जॅक लावायची जागा बाहेरून रंगवलेली, आतून कुजलेली. स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. पापड मोडल्यासारखा आवाज आला तर तिथे काहीही टेकवू नका, स्टँड अ‍ॅक्सलखाली किंवा चासीच्या आडव्या पट्टीखाली घ्या. खाली जाण्याआधी उभं राहून गाडीला बाजूने जोरात धक्का द्या. हलायची असेल तर तेव्हाच हलू दे. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा.

बॅटरीची केबल सोडताना बॉडीला जाणारी, म्हणजे अर्थची केबल आधी सोडा आणि जोडताना ती शेवटी जोडा. उलटं केलं तर पान्हा बॉडीला लागताच शॉर्ट होतो. १९६० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत अर्थ पॉझिटिव्ह असतो, तेव्हा रंगावर जाऊ नका, केबल कुठे जाते ते बघा.

मग प्लगच्या केबलना चिकटपट्टीचे नंबर लावा, प्लगभोवतीची माती झटका आणि प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, साधारण ५ मिली, पातळ ऑइल सोडून भोकांवर चिंधी ठेवा. ते मुरेपर्यंत ब्रेककडे वळा.

ब्रेक

ड्रम निघत नसेल तर कडेवर हातोडा घालू नका, बिडाचा तुकडा उडतो. शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे तुकडे, ड्रममध्ये पडलेल्या खाचेत अडकलेले असतात. मागून अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर लावणारा स्क्रू) सैल केला की ड्रम सुटतो. आतली काळी धूळ फुंकू नका आणि कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर किंवा पाण्याने ओलं करून फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

व्हील सिलिंडरच्या (तेलाच्या दाबाने शू ढकलणाऱ्या, चाकातल्या सिलिंडरच्या) रबरी टोपीची कड उचला. आत ओल असेल तर सील गेलं. दोन्ही पिस्टन बोटाच्या जोराने सरकत नसतील तरी तेच. अशा वेळी पूर्ण सिलिंडर बदला, खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नवं सील महिनाभरात पुन्हा गळतं. एका चाकाचा गेला असेल तर बाकीचे त्याच वयाचे आहेत हे लक्षात घ्या.

रबरी होज, म्हणजे चाकाकडे ब्रेकचं तेल नेणारा पाइप, हा जास्त लबाड भाग. बाहेरून धड दिसतो आणि आतून फुगून व्हॉल्व्हसारखा वागतो: पेडलच्या जोराने तेल आत जातं, परत येत नाही, चाक धरून राहतं. तपासायची रीत सोपी आहे. पेडल दाबून सोडा. चाक अडकलेलंच राहिलं तर ब्लीड निपल (चाकामागचा, तेल-हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) किंचित उघडा. तेलाची पिचकारी उडून चाक मोकळं झालं, तर दोष होजचा किंवा मास्टर सिलिंडरचा (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर). निपलऐवजी होजच्या आधीचा, मास्टर सिलिंडरकडचा जोड सैल केल्यावरही चाक अडकलेलंच असेल, तर होजच. जुन्या गाड्यांत बहुधा एकच सर्किट असतं. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो, त्यामुळे होज सगळे एकदम बदला.

ब्रेकचं तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जातीचं, सहसा डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सीलबंद डब्यातलं घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं. कोऱ्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर किमान मर्यादा १५५ अंश. उतारावर पेडल अचानक पोकळ होतं ते यामुळे. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, पुसत बसलात तर रंग निघेल.

ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढताना बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवा. निपलपाशी बसलेल्याने बोलायचं, पेडलवरच्याने ऐकायचं. "दाब": पेडल खाली. निपल अर्धा फेरा उघडतो, बुडबुडे येतात. "धर": निपल बंद. "सोड": आता पेडल वर. निपल उघडा असताना पाय उचलला तर तीच हवा परत आत ओढली जाते. दर चार-पाच वेळा मास्टर सिलिंडरवरची ब्रेक तेलाची टाकी भरा, ती रिकामी झाली तर पहिल्यापासून. पेडल पूर्ण खाली चेपू नका, खाली लाकडाचा तुकडा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन वर्षानुवर्षं गेला नाही तिथे गंज असतो आणि तो सील कापतो.

अ‍ॅडजस्टर चाक अडेपर्यंत आवळा, मग चाक जेमतेम मोकळं फिरेल इतका मागे घ्या. शेवटी पेडल मिनिटभर जोरात दाबून ठेवा. ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर मास्टर सिलिंडर आतून गेलेला आहे.

इंजिन

आता क्रँकच्या पुलीवर पान्हा लावून इंजिन नेहमीच्या दिशेने हाताने फिरवा. अडलं तर लांब पाइप लावून जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडून एक-दोन दिवस थांबा. फिरलं तर ऑइल आणि फिल्टर बदला. जुन्या इंजिनांना बहुधा २०डब्ल्यू-५० जाडीचं मिनरल ऑइल चालतं. काढलेलं ऑइल ताकासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे, कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

टाकीतलं पेट्रोल उघड्यावर, धातूच्या डब्यात काढा. गॅरेजमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर कधीच नाही: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात साचून राहते आणि एका ठिणगीची वाट बघते. उजेडाला काचेचा बल्ब नको, बंदिस्त एलईडी टॉर्च घ्या आणि पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. इंधनाचे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घाला, जुनं रबर इथेनॉलने मऊ पडून चिरतं.

उभ्या गाडीत ठिणगी न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पॉइंटवर चढलेली ऑक्साइडची पुटं. बारीक पॉलिश पेपर ओढा, क्लीनरने पुसा, फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पात्यांनी फट मोजायचं साधन) गॅप लावा. बऱ्याच चार सिलिंडर गाड्यांत तो ०.३५ ते ०.४० मिमी असतो. खात्रीसाठी बॅटरी जोडा आणि १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला आणि बॉडीला लावा. किल्ली ऑन करून इंजिन हाताने फिरवलं की पॉइंट उघडताना दिवा लागला पाहिजे, मिटताना विझला पाहिजे. मिटल्यावरही लागलेलाच असेल तर पॉइंट अजून मळलेले आहेत किंवा त्यांची अर्थ वायर तुटली आहे. किल्ली ऑन ठेवून निघून जाऊ नका, कॉइल तापते.

किल्ली बंद करा, कॉइलची वायर काढा. प्लग बाहेरच असताना सेल्फ दहा-दहा सेकंद, मध्ये विश्रांती देत, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत फिरवा. मगच प्लग आणि वायर लावा, रेडिएटर भरा आणि एअर फिल्टर, सायलेन्सरमध्ये उंदरांची घरटी नाहीत ना बघा. गाडी चालू करायची ती उघड्यावर, शेडमध्ये नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कार्बोरेटरमध्ये वरून पेट्रोल ओतून तोंड वाकवून बघू नका, बॅकफायर थेट चेहऱ्यावर येतो. काही सेकंदांत प्रेशर दिसलं नाही तर लगेच बंद.

टायरच्या बाजूवर 'DOT' अक्षरांपुढे छापलेल्या क्रमांकाच्या शेवटी चार अंक असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २००० च्या आधीचा. दहा वर्षांवरचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदला.

पहिली फेरी मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगात, चार-पाचदा ब्रेक लावत घ्या. मग खाली उतरून हाताचा मागचा भाग प्रत्येक चाकाजवळ न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर तिथला शू धरून आहे, ते चाक परत उघडा. चाकांचे नट ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून बघा.