लघवी गळतेय म्हणून लगेच गोळी सुरू करताय? आधी प्रकार ओळखा, या चुका टाळा

वय झालेल्या बायकांना लघवी गळायला लागली की बहुतेक घरांत "आता वयच झालं, चालायचंच" म्हणून विषय बंद होतो, नाहीतर दुसऱ्या कुणाला लागू पडलेली गोळी आणून सुरू होते. वयाने त्रास वाढतो हे खरं, पण वय हे काही निदान नाही. आणि गळण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर कधीकधी त्रास उलट वाढतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "किती गळते" एवढंच विचारणं. खरं तर कधी गळते ते विचारा. खोकताना, शिंकताना, हसताना, जड उचलताना पटकन थोडी गळते आणि आधी लघवी लागल्याची जाणीवच नसते, तर तो स्ट्रेस प्रकार. (इथे स्ट्रेस म्हणजे टेन्शन नाही हां, पोटाचा दाब.) अचानक जोरात लागते आणि बाथरूमच्या दारापर्यंत पोचेपर्यंत कपडे ओले, तो अर्ज (इंग्रजीतला urge, म्हणजे घाईचा) प्रकार, म्हणजे लघवीची पिशवी स्वतःच्याच मनाने आवळते. उतारवयात दोन्ही एकत्र असणं अगदी नेहमीचं, तेव्हा जास्त त्रास कुठल्याचा होतो ते आधी ठरवायचं. खोकल्याची टेस्टही नीट बघावी लागते, पिशवी भरलेली असताना खोकल्याबरोबर लगेच गळली तर स्ट्रेस, पण खोकला थांबल्यावर काही सेकंदांनी गळली आणि थांबेचना तर खोकल्याने पिशवी आवळली असा संशय घ्यायचा. रिकाम्या पिशवीवर केलेल्या टेस्टमध्ये गळली नाही, तर त्याला काही अर्थ नाही.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त खटकते ती. थेंब थेंब दिवसभर गळतेय, लघवीला वारंवार जावं लागतंय, म्हणजे पिशवी जास्तच काम करतेय असं समजून घाईची गोळी दिली जाते, आणि प्रत्यक्षात पिशवी रिकामीच होत नसते, काठोकाठ भरून वरचं सांडत असतं. जुनी शुगर, अंग बाहेर येणं (गर्भाशय किंवा योनीचा भाग खाली सरकणं), मणक्याचा त्रास, काही औषधं, कडक संडास साठून राहणं, यात हे होऊ शकतं. अशा बाईला ऑक्सिब्युटिनिनसारखी पिशवी सैल करणारी गोळी दिली तर लघवी पूर्ण अडकू शकते. म्हणून लघवी करून आल्याबरोबर सोनोग्राफीत किती शिल्लक राहिली ते बघायचं. ५० मिलिच्या आत असेल तर ठीक, २०० च्या वर असेल तर पिशवी नीट रिकामी होत नाही हे धरून चालायचं, मधले आकडे असतील तर पुन्हा मोजायचं. अर्धा तास बाहेर बसवून मग सोनोग्राफी केली तर आकडा खोटा येतो, हे कुणी सांगतच नाही.

युरीन रिपोर्टमध्ये जंतू दिसले की लगेच अँटिबायोटिक, हीपण नेहमीची गडबड. म्हाताऱ्या बायकांच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू सापडतात, आणि गळणं जुनंच असेल, जळजळ नाही ताप नाही, तर त्या कोर्सने गळणं थांबत नाही. पण त्रास नव्याने सुरू झाला असेल आणि जळजळही असेल तर मात्र इन्फेक्शनचा विचार आधी.

औषधांची चिठ्ठी कुणी नीट वाचत नाही. प्रझोसिनसारखी बीपीची गोळी लघवीचं तोंड सैल करते, लघवी जास्त होण्याची गोळी संध्याकाळी घेतली तर रात्रभर फेऱ्या, अॅम्लोडिपिनने पाय सुजतात आणि ते पाणी आडवं झाल्यावर लघवीवाटे निघतं. स्मरणशक्तीसाठीच्या डोनेपेझिलने घाई वाढू शकते, मग त्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन, आणि ते पुन्हा स्मरणशक्तीलाच मारक. पण कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

पाणी कमी पिणं हा उपाय नाही, लघवी घट्ट होऊन घाई वाढते आणि बद्धकोष्ठता होते ती वेगळीच. त्यापेक्षा तीन दिवस वही ठेवा, किती वाजता काय आणि किती प्यायलं, किती लघवी झाली (मापाचं भांडं घ्या), कधी गळली आणि तेव्हा काय चाललं होतं. यातूनच कधीकधी कळतं की पिशवी ठीक आहे पण गुडघे दुखतात म्हणून उठायलाच वेळ लागतो, किंवा रात्री अंधारात बाथरूम सापडत नाही. तिथे गोळीपेक्षा पलंगाजवळ कमोड खुर्ची जास्त कामाची.

अंग बाहेर येत असेल तर आणखी एक गोम आहे, त्यामुळे लघवीची नळी दुमडते आणि गळणं लपून राहतं, मग ते वर बसवल्यावर अचानक गळायला लागतं. ऑपरेशनच्या आधी अंग आत ढकलून खोकल्याची टेस्ट करणार का, हे विचारून घ्या.

लघवीत रक्त, लघवी पूर्ण बंद, किंवा गळण्याबरोबर पायात अशक्तपणा नाहीतर मांड्यांमध्ये बधिरपणा असेल तर वही वगैरे बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ऑपरेशन किंवा रेडिएशननंतर दिवसरात्र सतत गळत असेल तर पिशवीला भोक पडलंय का तेही तपासायला सांगा. स्ट्रेस प्रकारात ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंचे व्यायाम किमान तीन महिने नीट करावे लागतात, पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, पण तीन महिने बरोबर करूनही काहीच फरक नसेल तर गोळीचा डोस वाढवण्याआधी प्रकारच चुकीचा धरला का ते पुन्हा बघायला सांगा.