पोलिसांविरुद्ध तक्रार : सीमाभागातील मराठी नागरिकांसाठी

तक्रार मराठीत दिली तर ती फेटाळली जाईल, अशी भीती बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अनेकांना वाटते. परंतु राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. तरीही सोबत कन्नड भाषांतर जोडावे, कारण अर्ज हाताळणाऱ्या लिपिकाला मराठी येईलच असे नाही.

लाच मागितली असल्यास कर्नाटक लोकायुक्तांकडे जावे. सापळा लावायचा असेल तर पैसे देण्यापूर्वीच कळवणे आवश्यक आहे, कारण फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावलेल्या नोटा घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवल्यावर येणारा गुलाबी रंग हा पुढे महत्त्वाचा पुरावा ठरतो. नाइलाजाने लाच आधीच दिली असेल, तर ७ दिवसांच्या आत कळवावे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर गप्प राहणारा देणाराही आरोपी होऊ शकतो.

कोठडीतील मृत्यू किंवा गंभीर दुखापत यांसाठी मात्र, पोलीस सुधारणांविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालातून पुढे आलेल्या पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे अर्ज करावा. वेळ, ठाणे, गणवेशावरील नाव यांची नोंद त्याच दिवशी करावी, वैद्यकीय कागद जपावेत आणि पोचपावती घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.