‘डिनर’चं मराठी करताना या चुका टाळा

अनुवाद तपासताना ‘डिनर’ दिसला की माझा हात आधी पेन्सिलीकडे जातो. डिनर म्हणजे रात्रीचं जेवण, हे शाळेत पाठ केलेलं असतं आणि पुढे ते कुणी पडताळून बघत नाही.

एकदा उत्तर इंग्लंडमधल्या खाणकामगारांच्या वस्तीतली कथा माझ्याकडे आली. त्यातला मुलगा घरी येतो, डिनर घेतो आणि पुन्हा शाळेत जातो. अनुवादकाने ‘रात्रीचं जेवण’ लिहिलं. पुढचं वाक्य जुळेना, तेव्हा त्याने शाळेची रात्रशाळा करून टाकली! विचारलं तर म्हणाला, ‘संदर्भाने जुळवून घेतलं.’ कोश उघडायला दोन मिनिटं लागली असती. त्या कंटाळ्यापायी दहा वर्षांचं पोर दिवसा काय करत असेल, हा प्रश्न वाचकाच्या गळ्यात पडला असता. याचा मला अजून राग आहे. वाक्य अडलं तर आधी आपण लावलेला अर्थ तपासावा, लेखकाची गोष्ट बदलू नये.

डिनर म्हणजे दिवसाचं मुख्य जेवण. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात ते दिवसाच्या मध्याला घ्यायचं जेवण आहे. श्रीमंतांकडे ते हळूहळू संध्याकाळकडे सरकलं, कष्टकऱ्यांच्या घरी दुपारीच राहिलं. ब्रिटनमधल्या शाळांत दुपारचं जेवण वाढणाऱ्या बायका म्हणूनच ‘डिनर लेडीज’.

शब्दाचं मूळ तर आणखी लवकरच्या वेळेचं. लॅटिनमध्ये ‘जेजुनस’ म्हणजे उपाशी. त्यावरून उपास मोडणं या अर्थाचं क्रियापद झालं आणि ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत ‘डिनर’ होऊन आलं. म्हणजे डिनर आणि ब्रेकफास्ट, दोन्ही मुळात पारणंच!

ब्रेकफास्टमधला ‘फास्ट’ उपासाचा आहे, घाईचा नाही. सपर, म्हणजे रात्रीचं हलकं जेवण, हा शब्द सूपच्या कुळातला. डेझर्टमध्ये दोन एस लिहा, एका एसचं वाळवंट होतं. दोन एसचा शब्द फ्रेंचमधल्या ‘टेबल आवरणं’ या क्रियापदावरून आला.

माझी सवय साधी आहे. डिनर आला की आजूबाजूच्या दोन पानांत वेळ शोधायची: शाळेची घंटा, दिवे, कामाची पाळी, काहीही. काहीच सापडलं नाही तर नुसतं ‘जेवण’ लिहायचं. ‘जेवलास का?’ हे आपण दुपारीही विचारतो आणि रात्रीही.