सर्व्हेच्या फॉर्मवरून वारंवारतेचा दुहेरी तक्ता कसा करायचा

समजा तासगाव तालुक्यातल्या एका गावात तुम्ही ४० शेतकऱ्यांकडनं फॉर्म भरून घेतलेत, प्रश्न दोनच, मुख्य पीक द्राक्ष का ऊस, आणि ठिबक आहे का नाही. आता नुसतं "२३ जणांकडं ठिबक आहे" सांगून भागत नाही, कुठल्या पिकाला आहे ते कळायला पाहिजे, त्यासाठीच हा दुहेरी तक्ता, म्हणजे दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्र धरून प्रत्येक जोडीत किती जण ते दाखवणारा.

आधी फॉर्म साफ करा, हे काम बरेच जण टाळतात आणि तिथंच घोळ होतो. एकानं "ऊस" लिहिलेलं असतं, दुसऱ्यानं "उस", आणि कॉम्प्युटर ही दोन वेगळी पिकं धरतो. माझ्या पहिल्या सर्व्हेत असंच एका पिकाच्या दोन ओळी झाल्या, सगळे टक्के परत काढावे लागले. ज्याच्याकडं दोन्ही पिकं आहेत त्याला मुख्य कुठलं ते विचारूनच घ्या, एक शेतकरी तक्त्याच्या दोन घरांत (चौकटींत) मोजला की बेरीज ४० च्या पुढं जाते.

मग कागदावर चार घरं आखा, आडव्या ओळीत पीक, उभ्या रकान्यात ठिबक. एकेक फॉर्म उचलायचा, त्याच्या घरात एक रेघ मारायची, चार उभ्या झाल्या की पाचवी त्यांच्यावर तिरकी, आणि मोजलेला फॉर्म लगेच पालथा ठेवायचा. शेवटी असं काहीतरी येईल:

द्राक्ष: ठिबक आहे १४, नाही २, एकूण १६
ऊस: ठिबक आहे ९, नाही १५, एकूण २४
एकूण: आहे २३, नाही १७, सगळे मिळून ४०

बेरीज आडवी करा, उभी करा, दोन्हीकडनं ४० च आलं पाहिजे.

आता टक्के, आणि इथं घाई करू नका. १४ ला १६ नं भागलं तर ८७.५ टक्के, म्हणजे द्राक्षवाल्यांतल्या एवढ्यांकडं ठिबक आहे. त्याच १४ ला २३ नं भागलं तर साधारण ६१ टक्के, म्हणजे ठिबकवाल्यांत एवढे द्राक्षवाले. दोन्ही बरोबर आहेत पण प्रश्न वेगळे आहेत, म्हणून कशानं भागायचं ते आधी ठरवा. आपल्याला पिकांची तुलना करायचीय, तर ओळीच्या बेरजेनं भागा, उसाचे ३७.५ टक्के येतात आणि फरक लगेच दिसतो.

फॉर्म जास्त असले तर एक्सेलमध्ये डेटा सिलेक्ट करून इन्सर्टमधनं पिव्हट टेबल (असा तक्ता आपोआप करून देणारी सोय) घ्या, रोजमध्ये (Rows, म्हणजे ओळी) पीक, कॉलम्समध्ये ठिबक, व्हॅल्यूजमध्ये शेतकऱ्याचं नाव टाका, म्हणजे काउंट (किती जण ते) येतो.

आणि टक्क्यांशेजारी मूळ आकडा लिहाच, "८७.५ टक्के, १६ पैकी १४", कारण द्राक्षवाले १६ च आहेत, एकाचं उत्तर बदललं तरी सव्वासहा टक्क्यांचा फरक पडतो.