मुलीसाठी जुनं, अनवट इंग्रजी मधलं नाव कसं निवडावं

माझी भाची इंग्लंडमध्ये असते, नवरा तिकडचाच. मुलगी झाली तेव्हा पहिलं नाव मराठी आणि आडनाव त्याचं, एवढं दोन मिनिटांत ठरलं. गाडी अडली ती मधल्या नावावर. आपल्याकडे ही जागा आधीच भरलेली असते. तिथे वडिलांचं नाव, लग्नानंतर बहुतेकींच्या वाट्याला नवऱ्याचं, आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत महाराष्ट्र सरकारच्या निर्णयानुसार वडिलांच्या आधी आईचंही. इंग्लंडमध्ये तो रकाना कोरा समोर येतो आणि त्यात काय भरायचं ते आईबापांनी ठरवायचं. जावयाला काहीतरी जुनं, अस्सल इंग्रजी आणि वर्गात दुसऱ्या कुणाचं नसलेलं हवं होतं. मी हौसेने त्यात डोकं घातलं ते महिनाभर बाहेर काढलं नाही. त्या महिन्यात जमलेली ही कृती.

जुनं म्हणजे किती जुनं, ते आधी ठरवा

जुनं इंग्रजी नाव म्हटलं की एथेल, हिल्डा, मिल्ड्रेड ही आजीच्या पिढीतली नावं पुढे येतात. ती खरं तर दोनदा जुनी झालेली नावं आहेत. मुळात हजार-तेराशे वर्षांपूर्वीची, मधे जवळजवळ अडगळीत गेलेली आणि एकोणिसाव्या शतकात व्हिक्टोरिया राणीच्या काळी पुन्हा हौसेने वापरात आणलेली. तेव्हा शोध सुरू करण्यापूर्वी कोणत्या काळात शिरायचं ते ठरवून घ्या. ढोबळमानाने तीन कप्पे आहेत.

पहिला १०६६ च्या आधीचा, म्हणजे अँग्लो-सॅक्सन. त्या वर्षी नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. नवे धनी फ्रेंच बोलणारे, त्यांच्या मुली माटिल्डा आणि ॲलिस. धन्यांच्या घरातली नावं हळूहळू गावोगावी पोचली आणि जुनी मागे पडली. वारं कसं फिरलं ते दोन लग्नांत दिसतं. १००२ मध्ये नॉर्मंडीची एमा इंग्लंडच्या राजाला दिली, तेव्हा सासरी तिला ॲल्फयिवू हे इंग्रजी नाव मिळालं. पुढे शंभर वर्षांच्या आत, ११०० मध्ये, पहिल्या हेन्रीशी लग्न करताना ईडिथ नावाच्या राजकन्येला ते इंग्रजी नाव टाकून माटिल्डा व्हावं लागलं. आपल्याकडे तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात, त्यातलाच प्रकार.

दुसरा कप्पा त्यानंतरच्या चारेकशे वर्षांचा: एमिस, आयडनी, थॉमसिन, लेटिस, पर्नेल. बरीचशी लॅटिन-फ्रेंच मुळांची, इंग्रजी तोंडात घासून गुळगुळीत झालेली, छोटी आणि गोड. पण लेटिस म्हटलं की आजच्या माणसाला कोशिंबिरीतला पाला आठवतो, आणि पर्नेल हा शब्द एके काळी चवचाल बाईसाठी वापरला जाई. तिसरा कप्पा प्युरिटन, म्हणजे कडक आचाराच्या प्रोटेस्टंट लोकांचा. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेलेल्यांत रिमेंबर, ह्युमिलिटी आणि डिझायर नावाच्या मुली होत्या. ही नावं अनवट आहेत खरी, पण त्यांत मुलीला जन्मभराचा उपदेश चिकटतो. सायलेन्स असंही नाव तेव्हा ठेवत. पोरीला नावातच गप्प बसवणं मला पटत नाही.

मी पहिल्या कप्प्यातच रमले, आणि पुढचं बरंचसं त्याबद्दल आहे.

नाव कसं जोडलेलं आहे ते समजून घ्या

अँग्लो-सॅक्सन नाव बहुधा सामासिक असतं, आणि आपल्याला हे सोपं जातं. गॉड म्हणजे देव आणि यिवू म्हणजे देणगी. गॉडयिवू म्हणजे आपली देवदत्ता. याच नावाचं लॅटिन रूप गोडायव्हा. पहिल्या पदांत ॲथल म्हणजे कुलीन, एआड म्हणजे संपदा, ॲल्फ म्हणजे यक्षासारखा अद्भुत जीव, लिओफ म्हणजे प्रिय, मिल्ड म्हणजे कोमल. मुलींच्या नावात दुसरं पद ठरावीक असे: हिल्ड (लढाई), थ्रिथ (बळ), बुर्ह (गढी), विन (आनंद), यिवू (देणगी), फ्लॅड (सौंदर्य), स्विथ (सामर्थ्य).

मात्र दोन्ही पदं जोडून वाक्यासारखा अर्थ काढत बसू नका. ते लोकही काढत नसत. लढाई अधिक लढाई अशीही नावं सापडतात. पदं घराण्यातून येत. ११ व्या शतकातल्या वुस्टरच्या वुल्फस्टन बिशपचे वडील ॲथलस्टन आणि आई वुल्फयिवू. आईचं पहिलं पद आणि बापाचं दुसरं घेऊन लेकाचं नाव झालं. केंटच्या राजघराण्यातल्या आईला झालेल्या तिघी बहिणी मिल्डबुर्ह, मिल्डथ्रिथ आणि मिल्डगिथ. आपल्या सुनीता, सुनंदा, सुलभा जशा. यातल्या मधलीचं नाव झिजत झिजत मिल्ड्रेड झालं.

आधी बाई शोधा, मग नाव

यादी उघडून आवडेल त्या नावावर बोट ठेवलं तर ते महिनाभरात शिळं वाटतं. त्यापेक्षा मूल जन्मलं ते गाव किंवा नवऱ्याकडचं मूळ गाव घ्या आणि तिथल्या जुन्या चर्चला कुणाचं नाव आहे ते बघा. आपण गावदेवीवरून किंवा कुलदेवीवरून मुलीला रेणुका, अंबिका म्हणतो तसंच हे. ऑक्सफर्डची रक्षक संत फ्रिड्सवाइड, चेस्टरची वर्बर्ग, मच वेनलॉकची मिलबर्गा, बार्किंगची एथेलबर्गा, थॅनेटची मिल्ड्रेड. एसेक्समध्ये सेंट ऑसिथ नावाचं आख्खं गावच आहे. जुने रहिवासी त्याला टूझी म्हणतात.

ईली गावाची कथा सांगायलाच हवी. तिथला मठ ६७३ मध्ये ॲथलथ्रिथ राणीने स्थापला. तिचं नाव लोकांच्या तोंडी ऑड्री झालं. पुढे सेंट ऑड्रीच्या जत्रेत रेशमी नाड्या विकल्या जात, त्यांचा माल उतरत गेला आणि सेंट ऑड्रीवरून टॉड्री हा शब्द निघाला, अर्थ भडक आणि हलकं. मठ बांधणाऱ्या राणीच्या नशिबी जत्रेतली नाडी आली. तरी ऑड्री हे नाव तगलं.

व्हिटबीची हिल्ड मला सगळ्यांत भावली. स्त्रिया आणि पुरुष दोघांच्या मठाची ती प्रमुख होती. ६६४ मध्ये ईस्टर कोणत्या तारखेला धरायचा हा वाद मिटवायला राजा आणि धर्मगुरू तिच्या मठात जमले. ज्याचं नाव आपल्यापर्यंत पोचलं असा पहिला इंग्रजी कवी कॅडमन तिच्याच मठात गुरं राखत होता. त्याचं गाणं ऐकून तिने त्याला मठात घेतलं. बीड नावाच्या साधूने ७३१ मध्ये पुऱ्या केलेल्या इतिहासात लिहिलंय की हिल्ड लहान असताना तिच्या आईला स्वप्नात वस्त्राखाली एक हार सापडला आणि त्याच्या तेजाने सारं ब्रिटन उजळलं. बाळंतिणीला सांगावी अशी याहून चांगली गोष्ट मला सापडली नाही.

राज्य चालवलेली बाई हवी असेल तर टॅमवर्थला जा. आल्फ्रेड राजाची लेक ॲथलफ्लॅड हिने ९११ मध्ये नवरा गेल्यावर मर्सियाचा, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या राज्याचा, कारभार हाती घेतला, गढ्या बांधल्या, ९१७ मध्ये डर्बी डेन लोकांकडून घेतलं आणि ९१८ मध्ये टॅमवर्थला देह ठेवला. मागे एकुलती लेक ॲल्फविन. मामाने काही महिन्यांतच तिची सत्ता काढून घेतली. तिच्याविषयी इतकं कमी लिहून ठेवलंय की नाव तेवढं लखलखीत उरलं. एल्फविन असं लिहिलं तर आजही ते सहज चालून जाईल.

संत नको, राणीही नको असेल तर विनफ्लॅड आहे. दहाव्या शतकातली श्रीमंत बाई. तिचं मृत्युपत्र शिल्लक आहे आणि त्यात दागिने, कपडे, अंथरुणं, गुरं कुणाला द्यायची आणि कोणत्या गुलामांना मोकळं करायचं याचा तपशील आहे. आपल्या घरातल्या पणजीचं पेटीवाटप आठवावं असा कागद.

गोडायव्हाचा मोह मलाही झाला. नाव मराठी कानाला थेट गोडव्यासारखं. पण कॉव्हेंट्रीतून उघड्या अंगाने घोड्यावरून गेल्याची तिची दंतकथा शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. ती कथा बाई गेल्यानंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली, हे पोरांना कोण सांगत बसणार?

लिहायचं आजच्या अक्षरांत

जुन्या हस्तलिखितांत ए आणि ई चिकटवून एक अक्षर लिहीत. गंमत म्हणजे त्याचा उच्चार आपला ॲ, त्यामुळे ॲथल किंवा ॲल्फ म्हणणं आपल्याला इंग्रजांपेक्षा सोपं. पण ते अक्षर नोंदीत घालायचा हट्ट करू नका. पासपोर्टवर यंत्र वाचतं त्या ओळींत साध्या सव्वीस अक्षरांपलीकडे काही बसत नाही, आणि एका कागदावर एक व दुसऱ्यावर भलतंच स्पेलिंग झालं की पुढे ओसीआयच्या (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाच्या) अर्जापासून बँकेपर्यंत खुलासे देत बसावं लागतं. जिथे रुळलेलं रूप आहे तिथे तेच घ्या: ॲल्फथ्रिथचं एल्फ्रीडा, ॲल्फयिवूचं एल्जायव्हा, सुन्यिवूचं सुनिव्हा (सूर्याची देणगी, हे रूप नॉर्वेत जपलं गेलं).

मधल्या नावात शुद्ध परंपरा शोधायला जाऊ नका, कारण या बायकांना मधलं नाव नव्हतंच. १६०५ मध्ये विल्यम कॅम्डेन या इतिहासकाराने लिहिलं की दोन नावांची माणसं इंग्लंडात विरळाच. त्याला राजा, राजपुत्र आणि आणखी दोघे एवढेच आठवले. जुनं नाव नव्या खणात ठेवतोय, एवढं ध्यानात असलं म्हणजे झालं.

आता मोठ्याने म्हणा

पूर्ण नाव दहा वेळा, वेगवेगळ्या सुरात म्हणा आणि एखाद्या इंग्रज शेजारणीलाही म्हणायला लावा. इथे मला एक गोष्ट कळली. आपल्या बहुतेक मुलींची नावं आकारान्त. त्यापुढे स्वराने सुरू होणारं नाव आलं की दक्षिण इंग्लंडची माणसं मधे नसलेला र घालतात. मीरा ऑड्रीचं मीरा-रॉड्री होतं. गंमत अशी की जिथे शब्दाच्या शेवटी र असतो तिथे तो ती खाऊन टाकतात. म्हणून पहिलं नाव आकारान्त असेल तर मधलं व्यंजनाने सुरू होणारं घ्या: हिल्ड, मिल्ड्रेड, विनफ्लॅड, सुनिव्हा. आडनाव लांबलचक असेल तर मधलं आखूड बरं. मीरा एल्फ्रीडा देशपांडे म्हणताना धाप लागते, मीरा हिल्ड देशपांडे एका दमात होतं.

मग वाईट अर्थ शोधा, कारण वर्गातली पोरं शोधणारच आहेत. मी एथेलबर्गा सुचवलं तर घरात सगळ्यांना बर्गर ऐकू आला आणि विषय तिथेच संपला. फ्लॅड आजच्या तोंडी फ्लेड होतं, म्हणजे पळून गेली. आद्याक्षरंही मांडून पाहा. पूर्वा आयडनी गोखले हे नाव कागदावर छान दिसतं, पण शाळेच्या दप्तरावर पी, आय, जी असं उमटलं की ती डुक्कर झाली.

खरोखर जुनं आहे का?

इंटरनेटवरच्या नावांच्या याद्यांवर विसंबू नका. त्यांत रोवेना अँग्लो-सॅक्सन म्हणून असते, पण त्या काळच्या एकाही कागदात ती सापडत नाही. ती येते बाराव्या शतकातल्या जेफ्री ऑफ मॉनमथच्या रचलेल्या इतिहासातून. विनिफ्रेड मुळात वेल्श. एडविना एकोणिसाव्या शतकात पुरुषाच्या नावाला शेपूट जोडून केलेली. शर्ली, बेव्हर्ली यांची मुळं जुनी आहेत, पण ती गावांची नावं; मुलींना ती फार उशिरा चिकटली. खात्रीसाठी अँग्लो-सॅक्सन काळातल्या ज्ञात व्यक्तींची नोंद ठेवणारा पेस हा डेटाबेस फुकट पाहता येतो. १०८६ च्या डूम्सडे जमीननोंदीतही जमिनी धरणाऱ्या बायका आहेत, गोडायव्हासुद्धा.

नाव किती दुर्मीळ आहे ते पाहायचं तर इंग्लंड-वेल्सचं सांख्यिकी कार्यालय दरवर्षी मुलांच्या नावांची मोजदाद छापतं. वर्षभरात तिघींपेक्षा कमी मुलींना मिळालेलं नाव त्यात दिसत नाही. अर्थात ती मोजदाद फक्त पहिल्या नावांची.

नोंदणी

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांच्या आत करावी लागते. वडिलांचं नाव आपल्या रीतीने ठेवायचं असेल तर तेही घालता येतं. एकाहून अधिक मधली नावं चालतात, फक्त क्रम सगळीकडे एकच ठेवा. स्पेलिंग मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्या, कारण असलं नाव कारकुनाने आधी ऐकलेलं नसतं. सहीपूर्वी नोंद अक्षर न अक्षर वाचा. मन बदललंच तर नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव बदलता किंवा वाढवता येतं.

भाचीने हिल्ड घेतलं, हिल्डा नाही. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे जावयाच्या बहिणीचा. तिला कुर्रर्र शिकवण्यात दोन दिवस गेले. शेवटचा र काही केल्या येईना, कुऽऽ एवढंच व्हायचं. हिल्ड मात्र तिने बाळाच्या कानात पहिल्या फटक्यात, स्वच्छ म्हटलं.