युद्धाच्या बातमीमागचं घरचं राजकारण कसं ओळखायचं
कुठल्याही देशाने युद्धाची भाषा सुरू केली की सीमेआधी त्याच्या घरात काय चाललंय ते बघा, महागाई किती, निवडणूक कधी, रस्त्यावर कोण उतरलंय. अर्जेंटिनाचं घ्या ना, ३० मार्च १९८२ ला ब्युनोस आयर्समध्ये लोक लष्करी सरकारविरुद्ध मोर्चा काढत होते, पोलिसांनी धरपकड केली आणि २ एप्रिलला सैन्य ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर उतरलं तर प्लाझा दे मायो चौकात लोक जयजयकार करायला जमले! हल्ल्याची तयारी आधीपासून होती हे खरं, म्हणून नुसत्या तारखा जुळवू नका. १४ जूनला अर्जेंटिनाची शरणागती झाली आणि लष्करी सरकारचे प्रमुख गाल्तिएरींची खुर्ची काही दिवसांतच गेली.

मग संसदेचं मत घेतात का ते तपासा. २०१३ ला ब्रिटनच्या खासदारांनी सीरियावर लष्करी कारवाईचा सरकारी प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ असा पाडला, पंतप्रधान कॅमेरॉन थांबले.

पोल वाचताना घाई नको प्लीज, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थोरल्या बुशना १९९१ च्या आखाती युद्धानंतर गॅलप संस्थेच्या पोलमध्ये ८९ टक्के पसंती होती तरी पुढच्याच वर्षी निवडणूक हरले. प्रश्न नेमका काय विचारलाय तेही बघा, "कारवाई हवी का" आणि "स्वतःच्या मुलाला पाठवाल का" हे दोन फार वेगळे प्रश्न आहेत.