पिचर पोट्टे वाया का जातात? ओओटीपीत या चुका टाळा

आउट ऑफ द पार्क बेसबॉल, म्हणजे आपलं ओओटीपी, हा बेसबॉल टीम चालवायचा कॉम्प्युटर गेम. तो खेळणारे नागपुरात मूठभर. पण तक्रार सगळ्यांची एकच: ‘ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) घेतला तेव्हा रेटिंग पाच स्टार होतं, तीन वर्षांत भंगार झाला.’ बॅटर सहसा इतका दगा देत नाहीत, पिचर (चेंडू टाकणारे) देतात. त्यातला काही भाग नशिबाचा असतो आणि गेम बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम ठेवलाय. बाकीचं आपलं कर्तृत्व. नको तिथे आपण हात घालतो, आणि जिथे घालायला हवा तिथे गेममधल्या असिस्टंट जीएमवर (जनरल मॅनेजरच्या मदतनिसावर) सोडून मोकळे होतो.

‘ईआरए दोनच्या खाली आहे, वर पाठवू का?’

नको. ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खाती पडलेल्या धावा. आधी आकड्यांच्या त्याच ओळीत थोडं उजवीकडे सरका.

समजा डबल-एमध्ये (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली) 22 वर्षांचा एक डावखुरा आहे. सहा स्टार्ट (सुरुवातीपासून टाकलेले सामने), 29 इनिंग, ईआरए 1.86. वरच्या ट्रिपल-एचं बटण दाबायला बोट शिवशिवतं. पण त्याचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) 26 आणि वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट बेसवर गेलेले) 24. दोघांना चेंडू लागलाय, होमरन एकच गेलाय. आता एफआयपी, म्हणजे फिल्डर वगळून एकट्या पिचरचा हिशेब, काढा. होमरन गुणिले 13, वॉक आणि हिट-बाय-पिच मिळून गुणिले 3, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा. म्हणजे 13 अधिक 78 उणे 52, झाले 39. भागिले 29 इनिंग केलं की 1.34. त्यात साधारण 3.10 चा स्थिरांक मिळवला की 4.44. ईआरए आणि एफआयपीमध्ये अडीच धावांची दरी आहे, आणि ती त्याच्या फिल्डरांनी व नशिबाने पाडलीय. वरच्या लेव्हलचा बॅटर झोनबाहेरच्या चेंडूमागे धावत नाही. तिथे हेच वॉक अंगावर येतात, महिन्याभरात ईआरए सहावर जातो आणि आपण म्हणतो, गेमने बुडवलं.

उलटंही होतं. रॉकीज या मेजर लीग टीमची ट्रिपल-ए टीम आल्बुकर्कीत खेळते. ते शहर समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच (आपलं नागपूर जेमतेम तीनशे). हवा विरळ, त्यामुळे मारलेला चेंडू लांब जातो आणि कर्व्हबॉल नीट वळत नाही. पॅसिफिक कोस्ट लीगमधली बरीच मैदानं अशी बॅटरधार्जिणी आहेत. तिथे साडेपाचचा ईआरए असलेल्या पोट्ट्याचे स्ट्राइकआउट वॉकच्या तिप्पट असतील, तर त्याला खाली पाठवणं म्हणजे शुद्ध अन्याय.

माझा हिशेब साधा आहे. स्ट्राइकआउटच्या टक्क्यातून वॉकचा टक्का वजा करायचा, लेव्हलच्या मानाने वय बघायचं, आणि कंट्रोलचं आजचं रेटिंग बघायचं. पोटेन्शियल नव्हे, आजचं. तिन्ही गोष्टी जुळल्या तरी त्या लेव्हलवर दोन महिने काढल्याशिवाय वर नाही. महिनाभर वॉक स्ट्राइकआउटपेक्षा जास्त असतील तर मात्र खाली आणायला लाजायचं नाही. न पेलणाऱ्या लेव्हलवर रोज मार खाणाऱ्याची प्रगती अडते.

आपल्याला घाई होते ती क्रिकेटच्या सवयीने. खापरखेड्याकडचा उमेश यादव 2008 मध्ये विदर्भाकडून रणजीत उतरला आणि 2011 मध्ये कसोटी खेळला. बेसबॉलमध्ये शाळेतून उचललेल्या अठरा वर्षांच्या पिचरला रूकी, ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए एवढ्या पायऱ्या चढायच्या असतात. चार-पाच वर्षं हा उशीर नाही, तो रस्ताच तेवढा आहे. कॉलेजमधून घेतलेला असेल तर दोन-तीन.

‘स्टफ एका रात्रीत पडला’

आमच्यातला एक जण धरमपेठेत क्लासेस चालवतो. रविवारी तर्री-पोह्याच्या गाडीवर त्याने प्लेट बाजूला ठेवली आणि मोबाइलवरचा स्क्रीनशॉट माझ्या नाकासमोर धरला. त्यात एका पिचरचा स्टफ, म्हणजे चेंडूंच्या धारेचं रेटिंग, होतं.

“भाऊ, हे पाहा. स्टफ 60 होता, आता 50. इंज्युरी नाही, काही नाही. गेम काऊन असं करून राहिला?”

“तू त्याचा रोल बदलला का?”

“हो ना. बुलपेनमधून काढून स्टार्टर केला.”

पोट्ट्याचं काहीच बिघडलं नव्हतं. बुलपेनमधला रिलीव्हर, म्हणजे नंतर येऊन एक-दोन इनिंग टाकणारा माणूस, पूर्ण जोर लावतो, म्हणून गेम त्याचा स्टफ वाढवून दाखवतो. स्टार्टर केला की तो आकडा खाली येतो, परत बुलपेनमध्ये टाकला की वर जातो. त्यामुळे दोन पिचरची तुलना करताना दोघांचा रोल एकच आहे का, ते आधी बघा. रिलीव्हरचा फुगलेला स्टफ बघून स्टार्टरच्या भावात ट्रेड करणारे आपल्यातच आहेत.

स्टार्टर कोणाला करायचं याचंही उत्तर पिचच्या (चेंडूच्या प्रकारांच्या) यादीत असतं. चालतील असे तीन पिच हवेत आणि स्टॅमिना हवा. फास्टबॉल 60, स्लायडर 55, चेंजअप आज 30 पण पोटेन्शियल 50, अशा पोट्ट्याला स्टार्टर म्हणून चालवत राहा, मार खाल्ला तरी. ते चेंजअप आलं तर तो रोटेशनचा (आळीपाळीने उतरणाऱ्या स्टार्टरांतला), नाही आलं तर बुलपेन आहेच. मात्र चेंजअपचं पोटेन्शियलच 30 असेल आणि वय 24, तर भ्रमात राहू नका.

‘खेळतो आहे, पण वाढत नाही’

आधी तो खरंच खेळतोय का बघा. मायनर लीगचा (खालच्या टीमचा) कारभार एआयकडे दिला की तिथला मॅनेजर आपल्या लाडक्या पोट्ट्याला लाँग रिलीफमध्ये बसवतो आणि 29 वर्षांच्या भरतीच्या पिचरला स्टार्ट देतो. त्याला त्याची लीग जिंकायची असते. सीझन सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी प्रत्येक लेव्हलवर दोनच आकडे बघा: किती सामने आणि त्यात स्टार्ट किती. आठ सामने आणि शून्य स्टार्ट दिसले तर दुखणं सापडलं. सगळी मायनर स्वतः चालवायची गरज नाही, त्यात संध्याकाळ जाते आणि घरचे बोलतात ते वेगळं. ज्या चार-पाच जणांवर डाव लावलाय तेवढ्यांची लेव्हल आणि रोल आपल्या हातात ठेवा. एकाच टीमवर सात स्टार्टर कोंबले असतील तर दोघांना दुसरीकडे हलवा, नाहीतर सहा जणांचं रोटेशन लावा.

मग कोच. मेजर लीगच्या पिचिंग कोचवर पैसा ओततात आणि डबल-एमध्ये मिळेल तो बसवतात. पण तुमचे पिचर घडतात खालीच. डेव्हलपमेंटचं बजेट कापून फ्री एजंट (करारमुक्त खेळाडू) घ्यायची सवय असेल तर त्याचा परिणाम यंदा दिसत नाही, तीन वर्षांनी दिसतो. तोवर आपण दोष कोणाला द्यायचा तेच विसरलेले असतो.

स्वभावही वाचा. वर्क एथिक आणि इंटेलिजन्स दोन्ही कमी असतील, तर सारख्याच पोटेन्शियलच्या दोघांतून मी त्याला आधी विकतो.

स्टार म्हणजे स्काउटचं मत

पोटेन्शियल हे त्या पोट्ट्याचं भविष्य नाही, तुमच्या स्काउटिंग डायरेक्टरला आज काय वाटतं ते आहे. डायरेक्टर बदला, तोच पोट्टा चारचा तीन होतो. त्याने काल रात्री काही केलेलं नसतं. म्हणून ओएसएचं, म्हणजे गेममधल्या तटस्थ स्काउट संस्थेचं, मत शेजारी ठेवा. दोघांचं जुळत असेल तर भरवसा ठेवा. फार फरक असेल तर आकडेवारीला विचारा.

खांदा आणि कोपर

इथे मात्र इलाज नाही, फक्त साठा आहे. दोन चांगले स्टार्टर हवे असतील तर मी खाली दहा बाळगतो. कोणी कोपरावर जातो, कोणी खांद्यावर, कोणाचा कंट्रोल येतच नाही. 1974 मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी डॉजर्स टीमचा पिचर टॉमी जॉन याच्यावर कोपराचं ते प्रसिद्ध ऑपरेशन केलं. 1976 मध्ये तो परतला आणि त्यानंतर त्याने आणखी 164 विजय मिळवले. म्हणून कोपराच्या ऑपरेशनवाल्याला घाईने रिलीज करू नका. वर्ष-दीड वर्ष जाईल, पण विशीतला पोट्टा परत येऊ शकतो. खांद्याचं मोठं दुखणं निघालं तर मी इतका धीर धरत नाही.

खऱ्या बेसबॉलमध्येही हेच चालतं. 2008 मध्ये पायरेट्स या मेजर लीग टीमने उत्तर प्रदेशचे दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, पिचर म्हणून करारबद्ध केले होते. दिनेश लवकरच घरी परतला. डावखुरा रिंकू ए लेव्हलपर्यंत पोचला, मग दुखापतींनी अडवला आणि शेवटी कुस्तीच्या शोकडे वळला.

आणि एक: दुखापत झाली की जुनी सेव्ह उघडायची, हा प्रकार बंद करा. तसंच सेटिंगमधली टॅलेंट चेंज रँडमनेस (रेटिंग अचानक बदलण्याचं प्रमाण) मूळची 100 असते. कोणाच्या सांगण्यावरून ती 200 केली असेल, तर पोट्टे उसळणार आणि आपटणारही. मग तक्रार करू नये.

चाळीसची यादी

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि सगळ्यात सोपी टाळता येते. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी साइन केलेल्याला पाच सीझन, एकोणिसाव्या वर्षी किंवा नंतर साइन केलेल्याला चार. तेवढ्यात तो मेजर लीग टीमच्या 40 जणांच्या यादीत आला नाही, तर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये (इतर टीमचे यादीबाहेरचे खेळाडू घ्यायच्या निवडीत) कोणतीही टीम उचलून नेते. ऐन भरात आलेला पिचर असा गेला की दिवसभर जेवण जात नाही. म्हणून नोव्हेंबरात सिम (गेममधले दिवस पुढे पळवणं) थांबवा आणि पात्र पोट्ट्यांची यादी काढा.

पण भीतीने सगळ्यांना आधीच यादीत घेणं हाही वेडेपणा. यादीतल्या खेळाडूला मायनरमध्ये ठेवलं की ऑप्शनचं (बिनधास्त खाली पाठवायच्या मुभेचं) वर्ष जळतं, आणि वर्षं मिळतात सहसा तीनच. एका सीझनमध्ये 20 दिवसांपेक्षा कमी काळ खाली राहिला तर ते वर्ष धरत नाहीत, ही एक सवलत. वीस वर्षांच्या पोट्ट्याला हौसेने वर आणलं तर तेविसाव्या वर्षी, नेमका तो शिकत असताना, खाली पाठवायला वेव्हर्समधून (आधी इतर टीमना त्याला घ्यायची संधी देऊन) जावं लागू शकतं. तिथे दुसरी टीम टपलेलीच असते.

यादीत जागा नसेल तर नोव्हेंबरच्या आधीच ट्रेड करा. दोनच पिच, कंट्रोल 35, वय 24, पण नावापुढे अजून साडेतीन स्टार: असा माल एआयच्या टीम आनंदाने घेतात. बदल्यात रूकी लीगमधला सतरा-अठरा वर्षांचा एखादा मागा. त्याला यादीची चिंता अजून चार-पाच वर्षं नाही.